आता दोनवर बोला

मला एका जागी बसवत नाही. डहाणूच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागलो, तेव्हाही हीच तऱ्हा होती. आमचे साहेब म्हणायचे, "याच्या खुर्चीला चाकं लावा रे कोणीतरी."

रोज सकाळी नऊला तलासरीहून फोन यायचा. तिथल्या लहानशा एक्स्चेंजचं सगळं एकटे लाइनमनच पाहायचे. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना काका म्हणायचो. डहाणू ते तलासरी दोन लाइनी होत्या. एक नंबर रस्त्याच्या कडेने खांबांवरून. दोन नंबर लांबच्या वाटेने, नरपड, घोलवड करत झाईपर्यंत किनाऱ्याने आणि मग आत वळून. एक बंद पडली तर दुसरी हाताशी असावी म्हणून ही सोय. काका आधी एकवर बोलायचे आणि मग म्हणायचे, "सायेब, आता दोनवर बोला." मी पिन उपटून दुसऱ्या भोकात घालायचो आणि तेच संभाषण पुन्हा. ऐकू येतंय का, येतंय, ठेवा. लाइन तुटली की बदलही हातानेच करायचा. मी तेव्हा चहाला गेलेलो असलो, तर तलासरी तेवढा वेळ मुकी.

मला या पिनेचा वैताग आला होता. भंगारातले जुने रिले, म्हणजे विजेवर आपोआप पडणारे स्विच, जमवून दोन-तीन महिने डोकं खाऊन मी एक डबा तयार केला. एक लाइन पडली की हा डबा आपोआप दुसरीवर जायचा, कोणाला पत्ताही लागायचा नाही. साहेबांनी पाठ थोपटली आणि मी नको तितका फुगलो. कुठल्याही लाइनीत बिघाड आला की वाजावी म्हणून डब्याला घंटीही लावली होती. पण किनाऱ्याच्या खाऱ्या हवेने दोन नंबरवर खरखर व्हायची आणि घंटी दिवसातून दहादा कोकलायची. एका दुपारी माझं डोकं फिरलं. मी घंटीची वायर काढून टाकली.

सकाळचं दोनदा बोलणंही बंद केलं. "काका, आता डबा बघतो ते सगळं."

"बोलू या की सायेब, एक मिनिट तर लागतं."

"मला तेवढा वेळ नाही," मी म्हणालो. खरं तर आता माझ्याकडे वेळच वेळ होता.

त्याच सुमारास काकांनी एक काम सांगितलं. त्यांच्या मुलीचं नाव डहाणूच्या एका हॉस्पिटलात नर्सिंगच्या ट्रेनिंगसाठी वेटिंग लिस्टवर पहिलं होतं. "जागा झाली तर ते तुम्हाला फोन करतील, सायेब. तुम्ही मला कळवा. यंदा नाय झालं तर पोरगी वयात बसत नाय." मी म्हणालो, "बिनघोर राहा."

जून संपता संपता हॉस्पिटलचा फोन आला. सकाळचे साडेदहा झाले होते. जागा रिकामी झाली होती; मुलीने मूळ कागद घेऊन चारच्या आत हजर व्हायचं, नाहीतर पुढच्या नावाला बोलावणार. मी लगेच तलासरी लावलं. लाइन मुकी. डबा उघडला, तर तो कधीचा दोनवर जाऊन बसलेला आणि आता दोनही गेलेली.

ऑफिसची मोटरसायकल दारात उभी होती. तासाभरात तलासरी गाठता आलं असतं. मला ते सुचलं नाही असं नाही, सुचलं होतं. पण अर्ध्या तासात लाइन उभी करून दाखवतो, हा माझा तोरा. साडेबारापर्यंत मी टेस्टिंगच्या टेबलापासून खिडकीपर्यंत येरझारा घालत राहिलो, माणसांवर ओरडत राहिलो. मग एक चिठ्ठी लिहून एसटीच्या कंडक्टरकडे दिली आणि हात जोडले. मोटरसायकल तोवर साहेब घेऊन गेले होते.

कंडक्टरने चिठ्ठी बरोबर पोचवली. काका मात्र एक्स्चेंजमध्ये नव्हते. दोन्ही लाइनी बंद म्हटल्यावर ते सायकल काढून खांब बघत बिघाड शोधायला गेले होते. परतले ते सव्वाचारला. तरीही ते मुलीला घेऊन आले. हॉस्पिटलच्या पायरीवर मला दोघं दिसली तेव्हा सहा वाजत आले होते. तिने कागदांची प्लॅस्टिकची पिशवी छातीशी धरली होती. जागा गेली होती. काका म्हणाले, "तुम्ही तरी काय करणार, सायेब." मला वाटलं, त्यांनी माझ्या थोबाडीत मारायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी दोन्ही लाइनी दुरुस्त झाल्या. त्यानंतरच्या सकाळी नऊला काकांचा फोन आला.

"सायेब, पाड्यावरची माणसं सांगतात, एक नंबरची तार चोरांनी कापून नेली त्याला आठवडा झाला. आपल्याला कसं कळलं नाय?"

घंटीची वायर समोर लोंबत होती. मी म्हणालो, "बघतो काका."

काका म्हणाले, "आता दोनवर बोला."

मी डबा काढून बाजूला ठेवला आणि पिन दुसऱ्या भोकात घातली. काकांनी तीनदा विचारलं, "सायेब, ऐकू येतंय का?"

मला सगळं ऐकू येत होतं.