फळ्यावरून उतरलेला लाल रंग

पेंटरला उंचीची भीती कधीच वाटली नाही. चाळीस वर्षं शिडीवर काढलेल्या माणसाला काय वाटणार? तो भ्यायचा तो जमिनीवर. सरकारी पाकीट आलं की भ्यायचा, डॉक्टर हसून बोलला तरी भ्यायचा. आणि बायको गेल्यापासून तर रोजच भ्यायचा, कारण घरात छोटी होती.

छोटी त्याची मुलगी. वय बत्तीस, समज पाच वर्षांच्या पोरीची. एकदा तो कामावर असताना ती दार उघडून निघून गेली, ती संध्याकाळी मालगाडीच्या रुळांजवळ सापडली. तेव्हापासून दिवसभर तिला सांभाळणारं एक केंद्र होतं, म्हणून त्याला कामावर जाता यायचं. तिथे ती पाकिटं चिकटवायची.

ती पाकिटं आमच्या गावच्या एकजूट निधीची. चौदा संस्थांनी दारोदार फिरण्यापेक्षा सगळ्यांसाठी मिळून वर्षातून एकदाच मागायचं, अशी पद्धत. अंधशाळा, रुग्णवाहिका, एकट्या म्हाताऱ्यांचे डबे, आणि यादीत सगळ्यात शेवटी छोटीचं केंद्र. कमी पडलं की कात्री शेवटाकडून लागायची.

माझ्या चष्म्याच्या दुकानासमोर चौकात निधीचा उंच फळा होता. त्यावर शंभर खुणा; शंभरावी म्हणजे वर्षाची ठरलेली रक्कम पूर्ण. दर शनिवारी कार्यालयातून आकड्याची चिठ्ठी यायची आणि पेंटर तिथपर्यंत लाल रंग चढवायचा. कार्यालय पुलापलीकडे होतं. तिथल्यांना फळा दिसत नसे आणि आम्हाला आकडा ठाऊक नसे.

त्या वर्षी सहाव्या आठवड्यात रंग एकदम नव्वदावर गेला. चौक खूश झाला. फळवाला म्हणाला, "झालंच की! आता आपल्या चिल्लरीवाचून काय अडलंय?" मीही माझं भरलेलं पाकीट परत गल्ल्यात टाकलं. त्याची एक कड तिरकी चिकटवलेली होती.

पुढच्या शनिवारी पेंटर दुकानात आला तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"वहिनी, मी फार घाबरलोय," तो म्हणाला आणि त्याने दोन चिठ्ठ्या काउंटरवर ठेवल्या. मागची एकसष्टची, आजची बासष्टची.

"मग फळ्यावर नव्वद कसे?"

"मीच रंगवले. केंद्राच्या बाई म्हणाल्या, शंभर भरले नाहीत तर बंद करावं लागेल. वाटलं, भरत आलेलं दिसलं की लोक उत्साहाने देतील. तर देणंच थांबलं हो! दोन आठवडे उरलेत. केंद्र गेलं तर छोटीला कुठे ठेवू? कोंडून घालू का घरात?"

मी भडकले. खरं तर त्या गल्ल्यातल्या पाकिटामुळे जास्तच भडकले. "मग जा, सांगा!"

"निधीच्या सचिवांना?"

"सचिवांना कशाला? फसवलंत ते आम्हाला!"

चिठ्ठ्या तिथेच विसरून तो निघून गेला. रात्रभर मला झोप नाही. या भित्र्या माणसाने स्वतःचं काही बरंवाईट केलं तर?

रविवारी भर बाजारात तो आला. हातात पांढऱ्या रंगाचा डबा, बरोबर छोटी. केंद्राला सुट्टी होती. त्याने तिचे दोन्ही हात शिडीवर ठेवले. "घट्ट धर हं. सोडायची नाही." आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याचे पाय शिडीवर लटपटताना मी पाहिले.

"अहो पेंटर, उलटं काय रंगवताय?" कुणीतरी ओरडलं.

तो फळ्याकडेच तोंड करून बोलला. "खोटं होतं ते. मी केलं. बासष्टच झालेत."

मग फळवाल्याने एक सणसणीत शिवी हासडली. लोक शिडीभोवती गोळा झाले. एकाने शिडी हलवली असती तरी पुरे होतं. छोटीने मान वर करून मोठ्याने सांगितलं, "बाबा, मी धरलीये!"

कुणी शिडीला हात लावला नाही. मी गल्ल्यातलं पाकीट काढलं आणि सगळ्यांच्या देखत फळ्याखालच्या निधीच्या पेटीत टाकलं. फार उशिरा टाकलं, हे मला माहीत होतं. पांढऱ्याखालून तो लाल शेवटपर्यंत गुलाबी दिसत राहिला.

निधी त्र्याण्णववर थांबला. केंद्र आता आठवड्यातून तीनच दिवस चालतं. उरलेल्या दिवशी छोटी बापाची शिडी धरते. दर थोड्या वेळाने वरून हाक येते, "छोटी, आहेस ना?" खालून उत्तर जातं, "आहे."

काल तो शेजारच्या दुकानाची पाटी रंगवत होता. छोटी माझ्याकडे आली आणि आरशासमोर चष्मे लावून बघत बसली. मी गिऱ्हाइकात होते. बाहेरून हाक आली. मग दुसरी, अगदी चिरकलेली. वर तो दोन्ही हातांनी शिडीला कवटाळून उभा होता. त्याला खाली बघवत नव्हतं.

मी गिऱ्हाईक सोडून धावले आणि शिडी धरली.

"आहे हो, भाऊ. माझ्या दुकानात आहे. उतरा सावकाश."