रेकॉर्ड रूमला नकार

साहेबांनी माझ्या हातातून चाकू काढून घेतला.

ऑफिसात दुपारचे डबे आम्ही एकत्र उघडायचो. काकडी-कांदा कापायचं काम माझं. आम्ही नागपूरकडचे बौद्ध, नोकरीसाठी राजधानीत आलेले. माझ्या हातचं खायला या सेक्शनला बरीच वर्षं लागली, म्हणून त्या कामाचा मला फार अभिमान. आजारपणाच्या रजेनंतरचा तो पहिलाच दिवस. काकडी अर्धी कापून झालेली. साहेब म्हणाले, "चाकू इधर दीजिए मैडम. आपकी आवाज़ों का क्या भरोसा." सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची लाज अजून जात नाही.

मला आवाज ऐकू येतात. खोलीत कुणी नसताना एक बाई म्हणते, तू घाण आहेस, हात लावू नकोस. मागच्या हिवाळ्यात तिचं ऐकून मी क्वार्टरची दारं-खिडक्या लावून बसले. पोरीला शाळेत जाऊ दिलं नाही. मग हॉस्पिटल, गोळ्या. गोळ्यांनी बाई लांब गेली, पण गेली नाही. डॉक्टर विचारायचे, आवाज येतात की थांबले? ती काय बोलते, हे कुणीच विचारलं नाही. नवऱ्यानेही नाही.

चाकूनंतर थोड्याच दिवसांत साहेबांनी माझं टेबल तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये हलवायचं ठरवलं. "वहाँ आपको आराम रहेगा." नवरा म्हणाला, "जा ना यार. नोकरी तर टिकेल." मला त्याचा राग आला नाही. तो थकला होता.

त्या रविवारी मी शहरातल्या मुनिरका भागात गेले. तिथे एका भाड्याच्या खोलीत आवाज ऐकणारी माणसं जमतात. डॉक्टर कुणी नाही. खोली बलजीत दीदींची. त्यांना मेलेल्या सासऱ्यांचा आवाज येतो. तिथली रीत अशी, की आवाज जे बोलतो ते जसंच्या तसं मोठ्याने सांगायचं. 'असं काही नसतं' म्हणायला बंदी. मी सांगितलं आणि मला रडू कोसळलं. दीदींनी विचारलं, "ये बात आपसे पहली बार किसने कही थी?"

शाळेतल्या बाईंनी. पाण्याच्या माठापाशी, सगळ्या वर्गासमोर.

आजार माझा होता. शब्द त्यांचे होते. इतकी वर्षं मी ते माझेच समजून वागवत होते. फार वाईट वाटलं, त्या माठापाशी उभ्या असलेल्या पोरीसाठी.

सोमवारी दीदी ऑफिसच्या गेटपर्यंत सोबत आल्या. शिपाई टेबल उचलायला आला तेव्हा मी खुर्चीतून उठले नाही. समोर उभ्या साहेबांना म्हणाले, "सर, मैं नीचे नहीं जाऊँगी."

"आपकी तबीयत के लिए कह रहे हैं."

"तबीयत मैं देख लूँगी. काम में ग़लती हो तो बताइए."

साहेबांनी हात करून शिपायाला परत पाठवलं. माझ्या बाजूने मात्र कुणी बोललं नाही. दुपारी डबा मी एकटीने खाल्ला.

बाई दिवसभर बोलत होती. आजही बोलते. गोळ्या चालू आहेत, कदाचित जन्मभर चालतील. पुन्हा आजारी पडले तर रजा घेईन, मुनिरकाला जाऊन बसेन, बरी होईन आणि याच टेबलावर परत येईन. मला इथून हलवायचं असेल तर माझं चुकलेलं काम दाखवा.