जनीबाईचं तेरियाकी स्टेक

तीन माणसं आणि दोन भाषा एका स्वयंपाकघरात शिरल्या, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपले आपण साचतात. माझ्याकडे तर पोतंभर आहेत!

साठीच्या दशकाची अखेर. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं आणि अमेरिकन इंजिनियर कॉलनीत राहायला आले होते. मी स्टोअरमध्ये क्लार्क, बोईसरला खोली करून राहायचो. इंग्रजी बरं होतं, म्हणून एका साहेबाच्या बंगल्यावर दुभाष्याचं कामही गळ्यात पडलं. तिथे मॅडम होत्या आणि जवळच्या पाम गावाहून येणारी स्वयंपाकीणबाई, जनीबाई.

*

पहिल्याच दिवशी मॅडमनी विचारलं, "स्टेक येतं का?" मी जनीबाईला समजावलं, "मांसाचा जाड तुकडा. वरून भाजायचा, आतून थोडा कच्चा ठेवायचा."

जनीबाई म्हणाली, "कच्चंच खायचं तर मना कशाला ठेवलीय?"

*

मॅडम पूर्वी हवाई बेटांवर राहिलेल्या. तिथल्या जपानी शेजारणीने त्यांना तेरियाकी शिकवलेलं. म्हणजे सोया सॉस, साखर, आलं, लसूण एकत्र करायचं, त्यात मांस मुरवायचं आणि मग भाजायचं. सॉसची बाटली मुंबईहून आली. जनीबाईने बोट बुडवून चाटलं.

"काकवी हाय, पन कोनीतरी मीठ पाडलंय!"

*

मॅडमना मराठी शिकायची भारी हौस. 'मुरू दे' हा शब्द मी त्यांच्याकडून दहा वेळा घोकून घेतला. दुसऱ्या दिवशी त्या ऐटीत किचनमध्ये गेल्या आणि म्हणाल्या, "जनीबाई, मटन मरू दे!"

"ओ मॅडम, ते कवाच मेलंय!"

*

मिळायचं ते म्हशीचं मांस, आणि तेही चिवट. जनीबाई मासे खाणारी. ते मांस ती चिमट्याने उलटायची, चव कधीच बघायची नाही. कुणीतरी तिला सांगितलं, कच्ची पपई लाव, मऊ होतं. तिने सकाळीच अख्खी पपई किसून थापली. संध्याकाळी तव्यावर टाकायला गेली तर स्टेकचा खिमा! मॅडम रडकुंडीला आल्या. मी तोंड लपवून उभा.

साहेबांनी तो पावात घालून खाल्ला, बोटं चाटली आणि म्हणाले, "अखेर इंडियात कुणाला तरी हॅम्बर्गर जमला!"

*

आता शेवटचा. एका रविवारी दुपारी बंगल्यावर दोन पाहुणे जेवायला होते. एक अमेरिकेहून आलेले बडे साहेब. दुसरे आमचे मुंबईचे अधिकारी, पक्के शाकाहारी. त्यांच्या सहीने माझी नोकरी कायम व्हायची होती!

त्यांच्यासाठी मी तोड काढली. सुरणाचे जाड काप चिंचेच्या पाण्यात उकडायचे, त्याच सॉसमध्ये मुरवायचे आणि भाजायचे. जनीबाईला बजावलं, "दोन थाळ्या वेगळ्या ठेव. अदलाबदल झाली तर मी मेलो."

जेवण सुरू झालं. आमचे अधिकारी चवीने खात होते. एक काप संपला, त्यांनी दुसरा मागितला. दुसरा संपला आणि म्हणाले, "वा! सुरण असं लागतं, हे माहीतच नव्हतं."

मी थाळ्यांकडे निरखून पाहिलं. दोन्ही थाळ्यांवर तोच काळा, चकचकीत सॉस. कशात काय, मला बाहेरून ओळखता येईना. मी धावत किचनमध्ये गेलो.

"जनीबाई, मुंबईच्या साहेबांच्या ताटात काय गेलं?"

"सुरन."

"नक्की?"

"नक्की नाय तर काय! समद्यांच्याच ताटात सुरन गेलाय. मांस सकालीच कुत्र्यानं पलवलं."

मी तिथेच पाटावर बसलो. हसावं की रडावं कळेना, पण जीव भांड्यात पडला.

इतक्यात बाहेरून बड्या साहेबांची हाक आली, "इतकं मऊ स्टेक मी इंडियात खाल्लं नव्हतं! विचार तिला, कुठल्या खाटकाकडून आणलं?"

मी विचारलं.

जनीबाई पदराला हात पुसत म्हणाली, "सांगा त्यांना, आमच्याच वाडीतलं हाय. कालच खनून काढलंय!"