काकूंची एकनळी

“बसते का पाहू द्या,” असं म्हणून काकू कुठलीही वस्तू आधी मुठीत दाबून बघायच्या. कात्री असो, छत्री असो, आमच्या दुकानातला चहाचा कप असो. कपाचा कान अरुंद निघाला की कप परत टेबलावर, आणि चहा बशीतून. शेजारच्या हॉटेलवाल्याने त्यांच्यासाठी मोठ्या कानाचा एक कप वेगळा ठेवला होता. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्यापुढे आपण आपले कप बदलतो आणि पुन्हा त्याचा रागही येत नाही.

खामगावात माझं बंदूक दुरुस्तीचं छोटं दुकान आहे, वडिलांपासूनचं, परवान्याचं. गिऱ्हाईक म्हणजे बँकांचे पहारेकरी आणि सातपुड्याच्या पायथ्याचे शेतकरी, ज्यांच्याकडे पीक राखायला बारा बोअरची बंदूक असते. काकू त्यांतल्याच, संग्रामपूर तालुक्यातल्या. त्यांचे यजमान वारले, आणि नियमाप्रमाणे त्यांची एकनळी बंदूक आमच्या दुकानात जमा झाली. नवा परवाना निघेपर्यंत ती माझ्या लोखंडी कपाटात राहणार होती.

आता जमा केलेली बंदूक कोणी बघायला येतं का? काकू यायच्या. शेगावला एसटी बदलून, बाजाराची पिशवी घेऊन.

“भाऊ, काढा जरा. भेटून घेतो.”

मी कपाटातून बंदूक काढून द्यायचो. त्या मऊ फडक्याने नळी पुसायच्या, मग खांद्याला लावायचा लाकडी दस्ता पुसायच्या, आणि गाल टेकायची जागा सर्वांत शेवटी, सावकाश. तिथलं पॉलिश उडून लाकूड पिवळसर झालं होतं. यजमानांच्या गालाने झालेली ती जागा. पुसता पुसता गावच्या बातम्या चालायच्या. मक्याला कणसं भरली, गाय आटली, अमकीच्या सुनेला मुलगी झाली. सुरुवातीला मी हुंकार द्यायचो. पुढे माझ्या लक्षात आलं की बातम्या मला सांगितल्या जात नाहीत.

परवाना आपल्या नावावर व्हावा म्हणून त्यांनी अर्ज केला होता. त्यांच्या दिराचंही म्हणणं होतं की बंदूक आपल्या नावावर व्हावी. दीर माणूस वाईट नव्हता. वहिनीचं रान डोंगराला लागून, त्याचं तिच्या खालच्या अंगाला, तेव्हा तो म्हणायचा, “वयनी, तुमच्या खांद्याले झेपत नाही थे. मी तुमच्या वावरात येऊन बार काढत जाईन ना.”

काकूंनी मला हे सांगितलं आणि पुढे म्हणाल्या, “याच्या सवडीनं डुक्कर येते का, भाऊ?”

रानडुक्कर मारायचा त्यांचा विचार कधीच नव्हता. संध्याकाळी हवेत एक बार काढायचा, कळपाला कळवायचं की मालक जागा आहे, बस. पण अर्जासोबत बंदूक चालवता येते असा प्रशिक्षकाचा दाखला लागत होता. दाखला मिळाला नाही तर बंदूक दिराकडे जाणार, हे ठरल्यासारखंच होतं.

प्रशिक्षक म्हणजे एक निवृत्त हवालदार. त्यांच्या मैदानावर सरावाला काकूंची बंदूक मीच नेऊन द्यायचो. पहिल्या दिवशी काकूंनी पदर खोचला, बंदूक उचलली, डोळे घट्ट मिटले आणि बार काढला. छर्रे कुठे गेले ते आभाळालाच ठाऊक. काकू दोन पावलं मागे, आणि दंडावर जांभळा डाग.

दुसऱ्या वेळी त्या तयारीने आल्या. घरी बसून त्यांनी गोधडीचे चार थर शिवून एक गादी केली होती, ब्लाउजच्या खांद्यावर टाचायला. गावातल्या सगळ्या बायकांनी मिळून सुचवलेला उपाय होता तो, आणि टाकेही काय सुरेख घातले होते! पण दस्ता आधीच त्यांना लांब पडत होता. गादीने तो आणखी लांब झाला. तो खांद्याच्या खळगीत बसेना, दंडाच्या हाडावर सरकला, आणि या वेळी गालालाही फटका बसला.

हवालदारसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, “पुन्हा एकदा बघतो. डोळे मिटून बार काढणाऱ्याला मी दाखला देणार नाही. उद्या कोणाला लागलं तर?”

त्यांचं बरोबरच होतं.

मी काकूंना दुकानात बसवून समजावलं. बारूद तेवढीच, झटका तेवढाच. तो अंगावर कुठे आणि किती जागेत बसतो, हे दस्ता ठरवतो. लांब दस्ता दंडावर जातो आणि हाडाला मारतो. गाल टेकायची कड खाली असली की गाल अधांतरी राहतो आणि झटक्याला थोबाडीत बसते. मागची पट्टी लोखंडाची, अरुंद असली तर सगळा जोर एका टोकाने शिरतो. रुंद रबराची असली तर तोच जोर तळहाताएवढ्या जागेत वाटला जातो. दस्ता दोन बोटं कापू, मागे रबर लावू, गालाखाली चामड्याची जाड पट्टी बांधू. एवढंच काम.

“नाही,” काकू म्हणाल्या.

“काऊन?”

“त्यायच्या मापाचा हाय तो.”

मला हसू आलं आणि ते मी गिळलं. ज्या बाईने आपल्या रानात निंदायला येणाऱ्या प्रत्येक बाईच्या मुठीप्रमाणे खुरप्याची मूठ तासून घेतली होती, प्रत्येकीच्या खुरप्याला वेगळ्या रंगाचा दोरा बांधून ठेवला होता, ती इथे अडून बसली होती. मी जास्त बोललो नाही. कोणाच्या नवऱ्याच्या लाकडावर करवत चालवायची, तर ते काम आग्रहाने करायचं नसतं.

त्या गेल्यावर मी बंदूक कपाटात ठेवायला उचलली, आणि दस्त्याची मागची लोखंडी पट्टी उजेडात आली. तिचं फक्त खालचं टोक घासून पांढरं झालं होतं. वरचा भाग काळाच्या काळा. मी गालाची जागा पाहिली. तीही नको इतकी मागे होती. इतकी वर्षं हे काम करतोय, पण बंदूक पुरुषाची म्हणजे ती त्याला बसतच असणार, असं धरून मी ती कधी मालकाच्या मापाशी ताडून पाहिलीच नव्हती.

पुढच्या खेपेला मी त्यांना विचारलं, “काकू, ही बंदूक घेतली कोणी?”

“मामंजींनी. लई उंच होते. दारातून वाकून याचे.”

“आणि काका?”

“हे कायचे उंच! माह्यापेक्षा चार बोटं असतीन.”

मी पट्टी त्यांना दाखवली. म्हटलं, हा दस्ता तुमच्या सासऱ्यांच्या मापाचा. काकांनाही तो लांबच पडत होता. त्यांच्या खांद्यावर तो पूर्ण कधी बसलाच नाही, फक्त हे टोक टेकायचं. मान मागे ओढून ते नेम धरत असणार.

काकू बराच वेळ त्या टोकावर अंगठा फिरवत राहिल्या.

“मंग त्यायलेई लागत होती?”

“लागत असणार.”

“मले म्हणत, फवारणीच्या पंपाचा पट्टा काचते. मी तेल गरम करून चोळून देत होती. दरसाल हरभरा आला का खांदा दुखे त्यायचा.” त्या थांबल्या. “हरभऱ्याले कुठं एवढी फवारणी असते, भाऊ? मले समजाले पाह्यजे होतं.”

मग त्यांनी डोळे पुसले, बंदूक माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, “कापा. बापाचं होतं म्हणून बोलले नसतीन. माणसानं इतकं बी सोसू नाही.”

करवत चालली तेव्हा दस्त्याचं दुसरं टोक त्यांनीच धरलं होतं. मी हळू कापत होतो तर मलाच म्हणाल्या, “चालवा ना जोरात, लाकूडच हाय थे.” गालाची पट्टी बांधताना मी जुनी पिवळसर जागा घासली नाही. चामडं तिच्यावरूनच बांधलं.

तिसऱ्या वेळी मैदानावर त्यांनी बंदूक खांद्याच्या खळगीत घट्ट ओढून घेतली, गाल टेकवला, आणि डोळे उघडे ठेवून बार काढला. खांदा जरा हलला, इतकंच. त्यांनी स्वतःच्या खांद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि लहान मुलीसारख्या म्हणाल्या, “अजून एक काढू का?”

हवालदारसाहेबांनी हसत दुसरं काडतूस पुढे केलं. दाखलाही दिला.

परवाना निघाल्यावर बंदूक न्यायला त्या दिराला घेऊन आल्या. दीर अजून थोडा फुगलेलाच. नेम कसा बसतो ते बघतो म्हणून त्याने रिकामी बंदूक खांद्याला झटकन लावली. धिप्पाड माणूस, आखूड दस्ता, त्याचा स्वतःचाच अंगठा नाकावर आपटला. डोळ्यांत पाणी आलं बिचाऱ्याच्या. काकूंनी पदराने त्याचं नाक पुसलं. शेवटी तोच हसला. “घ्या वयनी, तुमचीच हाय.”

त्यानंतर काकू आल्या नाहीत. कशाला येतील? भेटायची ती बंदूक आता घरीच आहे. मोठ्या कानाचा कप हॉटेलवाला मला चहा द्यायला वापरतो.

मागच्या हिवाळ्यात दीर खामगावच्या बाजारात भेटला. म्हणाला, डुकरं वहिनीच्या रानातून पळतात ती खाली त्याच्याच हरभऱ्यात घुसतात.

“मग काय करता?”

“करतो काय? वयनीलेच बलावलं. दिवस बुडाच्या येळी माह्या धुऱ्यावर, बांधावर, येऊन बसते. एक बार वर काढला का सारं रान मोकळं.”

“आणि खांदा? दुखतो का काही?”

“आता मले काय म्हाईत, बा? बार काढते, नळी मोकळी करून बंदूक डाव्या बगलेत धरते, आन् उजव्या हातानं माह्याच वावरातला हरभरा उपटून खात बसते.”

“बराच खातात का?”

“पोटभर,” तो म्हणाला.