अर्जुनाच्या पायातला पट्टा

चाळीस वर्षं मी संगीत नाटकांतून तोंडाला रंग लावला. सांगली, सातारा, वाई. कुठं टाळ्या पडल्या, कुठं पडदाच अडकला. आता पलूसजवळ माहेरच्या गावी राहते. गाव मला आक्का म्हणतं. इतकी नाटकं केली, पण हात जोडावेत असा प्रवेश पाहिला तो शेजारच्या अंगणात.

त्यातला नायक अर्जुना. नायक मी म्हणते. पोरं त्याला ‘पट्टेवाला’ म्हणून चिडवतात. पाण्याच्या पाळीवरून भांडण पेटलं आणि त्यानं शेजारी विश्वजीतच्या हातावर फावड्याचा दांडा घातला. विश्वजीतचा उजवा कोपर कायमचा ताठला. अर्जुनाला शिक्षा झाली. व्हायलाच हवी होती. वर्षभर तुरुंगात काढल्यावर उरलेली शिक्षा घरी भोगायची सवलत मिळाली. घोट्याला यंत्राचा पट्टा, आणि हद्द घर ते मळा. ती ओलांडली की पोलिसांना कळणार आणि तो पुन्हा आत.

मी एकदा विचारलं, "तुरुंग बरा की हे बरं रे?"

"लाजंचं म्हनाल तर तुरुंग बरा, आक्का. तोंड लपतंय. हितं विश्वजीत घास डाव्या हातानं खातोय, ते रोज बघाय लागतंय." मग गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "पर पाय बांधला तरी हात मोकळं हायती. म्हशी हायत्या, पोरगी हाय. लय उपकार झालं."

मला पटलं. तुरुंग म्हणजे विंग, तिथं प्रेक्षक नसतात. हा मात्र दिवसभर रंगमंचावर, आणि पहिल्याच रांगेत विश्वजीत. दोघं एकमेकांशी अक्षर बोलत नसत.

मग बेंदूर आला, बैल धुऊन, शिंगं रंगवून मिरवायचा सण. आमच्याकडं त्या दिवशी बैल न धुता दावणीला राहिला तर घरात कुणी मेल्यासारखं वाटतं. अर्जुनाचा बैल त्याचा मेहुणा ओढ्यावर नेणार होता, कारण ओढा हद्दीबाहेर. विश्वजीतचा मुलगा फौजेत, त्याला सुट्टी मिळाली नाही. विश्वजीतचा बैल शेणानं माखून तसाच उभा. अर्जुना अंगणात येरझाऱ्या घालत होता. शेवटी पलीकडं गेला, दावं सोडलं आणि बैल घेऊन चालू लागला. विश्वजीत ओसरीवरून बघत होता. मी माझ्या कट्ट्यावरून.

ओढ्यात बैलाची एक कूस धुऊन झाली आणि पट्टा थरथरू लागला. तिथंच मागं फिरायचं! पण बेंदराला अर्धा धुतलेला बैल दारात आणायचा कसा? गड्यानं दुसरी कूस धुतली, शेपूट धुतली, खूरसुद्धा घासले.

परत आला तर पोलिसांची गाडी दारात. बायको रेश्मा कपाळावर हात मारून म्हणाली, "बैल धुतलासा, आता आमाला कोन बघनार?"

हवालदार म्हणाला, "हद्द सोडलीस. चल."

विश्वजीत ओसरीवरून उतरला. "सायेब, बैल माजा हाय."

"तुम्ही पाठवलंत याला?"

"न्हाई. पर दावं सोडताना बघितलं, आन् अडवलं न्हाई. तसं लिवा."

"ज्याचा हात यानं मोडला ते तुम्हीच ना?"

"व्हय, मीच. ह्यो हात बैल धूत न्हाई. मग ज्यानं मोडला त्यानं धुतला, तर तुमचं काय बिघडलं?"

हवालदारानं टोपी काढून डोकं खाजवलं. दोघांचे जबाब घेतले. पुढं कोर्टानं अर्जुनाला चांगलंच झापलं, पण घरीच ठेवलं. त्या न्यायाधीशांचे आणि खोटं न बोलता शेजारी वाचवणाऱ्या विश्वजीतचे आभार मी देवापुढं रोज मानते.

त्या दिवशी गाडी वळली तरी अर्जुना दावं धरून उभाच होता. विश्वजीतनं त्याच्याकडं न बघता रंगाचा डबा पुढं सरकवला.

"शिंगं काय मी रंगवू व्हय रं?"