बाळारामनं न घेतलेली लेन्स

बाळाराम आज पहाटे गेला.

त्याच्या घरात त्याच्या आईचा फोटो आहे. त्या फोटोतले डोळे खोटे आहेत, आणि त्याला जबाबदार मी आहे.

इतकी वर्षं हे कुणाला बोललो नाही. आज बोलतो. लाइक-बिइक करू नका, नुसतं वाचा.

आम्ही दोघं खोपोलीच्या एकाच कारखान्यात. तो पॅकिंगला, मी स्टोअरला. तो कडावहून यायचा, मी खोपोलीतलाच. ऐंशीच्या दशकातली गोष्ट, पार शेवटाकडची.

त्याच्या मेहुण्यानं मस्कतहून एसएलआर कॅमेरा आणून दिला. रोलवाला. आख्ख्या कडावात तसला दुसरा नव्हता.

मी तोवर फोटोग्राफीची जुनी इंग्लिश मासिकं वाचून शहाणा झालेलो. स्वतःचा कॅमेरा नाही, पण ज्ञान उतू चाललेलं. बाळाराम मला गुरू म्हणायचा. चेष्टेनं नाही, खरंच.

त्याला एकच फोटो हवा होता. आईचा.

म्हातारी खाटेला खिळलेली. कंबरेचं हाड मोडलेलं, जरा हलवलं तरी कळवळायची. बाहेर उजेडात आणायचा प्रश्नच नव्हता. आतली खोली अंधारी, आणि फ्लॅश मारला की ती डोळे मिटायची.

दर वेळी. आठ फोटो काढले, आठही फोटोंत डोळे मिटलेले.

प्रिंट बघून बाळाराम म्हणाला, “गुरू, ही तर गेल्यावानी दिसते रं. मला डोळे उघडी आय पायजे.”

म्हणजे फ्लॅशशिवाय काढायला हवा. कॅमेऱ्यासोबत आलेली झूम लेन्स अंधारात अगदीच कुचकामी. मग ठरलं, दिवाळीच्या बोनसमधून एक सेकंडहँड लेन्स घ्यायची. नवी परवडणारी नव्हती.

मुंबईला फोर्टातल्या एका जुन्या दुकानात गेलो. दोन लेन्स आमच्या आवाक्यातल्या निघाल्या. दोन्हीपैकी एकच घेता येणार होती.

एक पन्नास एमएमची. वाटीएवढी बुटकी, पण अंधारातसुद्धा भरपूर उजेड घेणारी.

दुसरी एकशे पस्तीसची. लांबलचक, वजनदार. लांबचं जवळ दिसणार, पण उजेड कमी घेणार.

दुकानदारानं विचारलं, कशाचे फोटो काढणार? बाळारामनं सगळं सांगितलं. आई, खाट, अंधार, सगळं. दुकानदार म्हणाला, मग ही छोटी घ्या.

बाळारामनं पन्नासची हातात घेतली, उलटीसुलटी करून बघितली, आणि माझ्याकडे वळला.

“गुरू, कंची घेऊ?”

“लांबवाली घे,” मी म्हणालो.

वर लेक्चरही दिलं. चेहऱ्याच्या फोटोला एकशे पस्तीससारखी लेन्स नाही, मासिकात लिहिलंय, हे बुटकं घेऊन काय करणार, वगैरे.

त्यानं पन्नासची काउंटरवर परत ठेवली.

पहिल्याच रविवारी मी ती लेन्स कॅमेऱ्यासकट मागून नेली. नेरळला जाऊन माथेरानच्या छोट्या गाडीचे फोटो काढले. काय सुंदर आले म्हणून सांगू.

पुढच्या रविवारी बाळारामनं आईचे काढले. मी शेजारी उभा होतो. खोली लहान पडत होती म्हणून तो ओटीवरून, दारातून काढत होता. श्वास रोखून. म्हातारी त्या दिवशी खुशीत होती. तिचे घारे डोळे टक्क उघडे, लेकावर लावलेले. मधेच हळूच विचारायची, झालं का रं?

पूर्ण रोल संपवला त्यानं.

धुऊन आला तेव्हा छत्तीसच्या छत्तीस हललेले. चेहऱ्याच्या जागी नुसता धूर.

बाळाराम कितीतरी वेळ ते प्रिंट खालीवर करत राहिला. मग म्हणाला, “माझाच हात हालला रं.”

मी म्हणालो, पुढच्या बोनसला पन्नासची घेऊ.

शिमग्याच्या आधीच म्हातारी गेली.

दिवसकार्यासाठी फोटो हवा होता. बाळारामनं त्या आठातला एक कर्जतला पेंटरकडे दिला. तेव्हा करून द्यायचे तसं, मिटलेल्या पापण्यांवर ब्रशनं डोळे काढायचे. पेंटरनं कधी तिला बघितलेलं नाही. त्यानं काळेभोर डोळे काढले.

मी म्हणालो, परत दे, बदलून घे.

“ऱ्हाऊ दे,” बाळाराम म्हणाला. “उघडे तरी हायत.”

नंतर तीस-पस्तीस वर्षं मी त्या घरी जेवलो. सणाला, बारशाला, पोरांच्या लग्नाला. दर वेळी त्या भिंतीकडे पाठ करून बसायचो. वहिनींना वाटायचं, भाऊजींना पंख्यासमोरच बसायला लागतं. आधीपासून ती जागा माझ्यासाठी मोकळी ठेवायच्या बिचाऱ्या.

गेल्या आठवड्यात त्याला बघायला दवाखान्यात गेलो. आज सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. खाली पार्किंगमध्ये काय बोलायचं त्याची दोनदा तालीमसुद्धा केली.

मी आत गेल्यावर तो उठून बसायला लागला. नर्सला म्हणाला, “ह्यो माझा गुरू. याला इचारल्याबिगर मी कंदी काय घेतलं नाय.”

झालं. चहा प्यायलो, इकडचं तिकडचं बोललो आणि भेकडासारखा घरी आलो.

म्हणून इथं लिहितोय.

बाळाराम, तुझा हात हलला नव्हता रं. तेवढ्या उजेडात त्या लेन्सला शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं, कुणाचाही फोटो हललाच असता.

दुकानदार काय सांगत होता ते मला तिथंच कळलं होतं. आयसाठी पन्नासचीच हवी, हे मला पक्कं ठाऊक होतं.

लांबवाली मला वापरायची होती.

एवढ्यासाठी. फक्त एवढ्यासाठी.

श्रद्धांजली म्हणायला मला तोंड नाही.

नीट जा, बाळाराम. आय भेटली की तिला माझं नाव सांग.