डाव्या बाजूची सीट

आमच्या पेडगावच्या शिवारात कुणाला बैल घ्यायचा असला की लोक मला बाजाराला बरोबर नेत. दात, खूर, वशिंड सगळेच बघतात. मी आधी बैल विकायला आणलेल्या माणसाला बैलाजवळ जायला सांगायचो. धनी जवळ आल्यावर जनावर मान त्याच्याकडे वळवतं की अंग चोरतं, एवढं बघितलं की माझं निम्मं काम व्हायचं. अंग चोरणारा बैल मी कधी कुणाला घेऊ दिला नाही. त्याला मार बसलेला असतो, आणि मार बसलेलं जनावर ऐन चिखलात दगा देतं.

त्यामुळे माझ्या थोरल्या मुलाला मोटार शिकायला कुठे घालायचं, हे मी ठरवणार म्हटल्यावर घरात कुणाला काळजी वाटली नाही. मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा होता. मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात गेला होता, कचेरीतली उर्दू जाऊन मराठी आली होती, आणि रस्त्यांवर खडी पडायला लागली होती. कापूस अजून बैलगाडीतूनच जिनिंगला जायचा, पण जिनिंगच्या फाटकातून गठाणी घेऊन लॉऱ्या बाहेर पडायच्या आणि माझा मुलगा गाडी सोडायचं विसरून त्यांच्याकडे बघत राहायचा. अठरा पुरी झाल्याशिवाय लायसन मिळत नाही. तोवर चांगल्या हाताखाली शिकला तर लॉरीवर लागेल, असं त्याचं म्हणणं होतं. तो फार कमी वेळा काही मागायचा. हे मागितलं.

परभणीत तेव्हा मोटार शिकवणारे दोघंच होते. एक स्टेशनजवळचा मास्तर. त्याने रंगवलेली पाटी लावली होती, गाडी जुनी पण चकचकीत होती. तो माणूस ओरडायचा. शिकणारा पोरगा चुकला की त्याचा आवाज तिकीट खिडकीपर्यंत जायचा आणि टांगेवाले हसायचे. दुसरे जिनिंगच्या मागे राहणारे म्हातारे उस्ताद. निजामाच्या काळात त्यांनी बस चालवण्यात हयात घालवली होती. त्यांच्याकडे पाटी नव्हती, एक मोडकी लॉरी होती.

मी एक अख्खा दिवस दोघांकडे बघत घालवला, बाजारात बघतो तसा. दुपारी उस्तादांनी मला लॉरीत मागे बसू दिलं. एक पोरगा चालवत होता. उस्ताद त्याच्या डाव्या बाजूला बसून इतकं हळू बोलत होते की मला मागे काही ऐकू येत नव्हतं. पोरगा प्रत्येक शब्दाला मान हलवत होता. मध्ये एकदा गिअर खरखरला. उस्तादांनी हात वर केला, स्वतःची टोपी सारखी केली आणि पुन्हा काहीतरी पुटपुटले. पोरग्याने अंग चोरलं नाही. माझं काम तिथंच व्हायला हवं होतं.

पण माझी नजर त्या सीटवरून हलेना. शिकवणारा माणूस डाव्या बाजूला बसतो, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

माझ्या मुलाला डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नव्हतं, आणि ते माझ्यामुळे होतं.

तो तेरा वर्षांचा असताना कापसाची गाडी त्याने पहिल्यांदा एकट्याने हाकली होती. मी मागच्या गाडीवर होतो. जिनिंगच्या अलीकडे उतारावर त्याने बैल पळवले, चाक खड्ड्यात गेलं, गाडी कलंडली आणि डावा बैल पायाने अधू झाला. तो बैल मी स्वतः निवडलेला होता. मुलगा पडला नव्हता. तो कापसाच्या ढिगाजवळ उभा होता, त्याच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता, आणि मी खाली उतरून चार लोकांसमोर त्याला मारलं. एकदाच मारलं. माझा उजवा हात, त्याचा डावा कान. रात्री कान वाहायला लागला. बायकोने लसूण घालून तेल कोमट केलं आणि विचारलं, काय झालं. मी म्हणालो, "गाडीवरून पडला." मुलगा तिच्या मांडीवर डोकं ठेवून माझ्याकडे बघत होता. त्यानंतर आमच्या घरात ते पडणं खरं झालं. बोलताना तो उजवी बाजू पुढे करू लागला तेव्हा बायकोला वाटायचं, वयात आलेलं पोरगं, मान तिरकी करून मिजास दाखवतं.

उस्तादांचा आवाज त्या कानापर्यंत पोचणार नव्हता. मग ते विचारणार, आणि मला सांगावं लागणार.

संध्याकाळी घरी आलो. बायको ज्वारी पाखडत होती.

"कोणाकडं ठरलं?" तिने विचारलं.

"टेशनजवळच्याकडं."

सूप थांबलं. "तो बोंबलणारा? अवो, माझा भाऊ सांगत होता, लय शिव्या देतो म्हून."

"आवाज मोठा हाय, पण शिकवतो चांगलं."

"आन् ते म्हातारे?"

"हळू बोलतात. पोरांना धाक राहत न्हाई."

"धाक," ती म्हणाली. "बैल घेताना तर तुमी दुसरंच सांगता लोकांना."

मुलगा उंबऱ्याशी बसला होता, उजवा कान आमच्याकडे करून. तो उठून गोठ्यात गेला.

मी त्याच्यासाठी ओरडणारा माणूस निवडला, कारण ओरडलेलं त्याला ऐकू येणार होतं. असं मी स्वतःला समजावलं आणि त्यात थोडं तथ्यही होतं. पण खरं तेवढंच नव्हतं. ओरडणारा माणूस कधी कान का गेला ते विचारत नाही.

मुलगा स्टेशनजवळ जायला लागला. येताना पायी यायचा, टांग्याने ये म्हटलं तरी. काय शिकलास विचारलं तर "क्लच", "बिरेक", असं एका शब्दात सांगायचा. जेवण कमी झालं. एकदा मोंढ्याच्या बाजारात काम होतं म्हणून मी न सांगता बघायला गेलो आणि पानाच्या टपरीआड उभा राहिलो. गाडी स्टेशनसमोरच्या मोकळ्या जागेत फिरत होती.

"अरे, दाब की. बहिरा हायेस का रे?" मास्तर ओरडला. "तुझ्या बापानं बैलच हाकायला शिकवलंय का तुला? हा बैल न्हाई, शेपूट पिळून चालत न्हाई."

शेजारी बसलेले टांगेवाले हसले. एक म्हणाला, "मास्तर, शेपूट तुमची पिळल बघा आता."

मास्तरही हसला. मग त्याने काहीतरी दाखवायला उजवा हात उचलला. मारायला नव्हे, आरसा सारखा करायला. माझ्या मुलाची मान खांद्यात गेली आणि तो पार दाराला चिकटला. स्टेअरिंग त्याच्याबरोबर ओढलं गेलं, गाडी हौदाच्या कट्ट्याला घासली.

त्याला कधीतरी मार बसलेला आहे, हे त्या जागेवर मला एकट्यालाच कळलं.

मास्तर मला नंतर भेटला तेव्हा म्हणाला, "पोरगं गुणी हाय, पण मनानं कच्चं हाय. घरी लय लाडात वाढलं दिसतंय." मी होय म्हणालो.

पुढच्या आठवड्यात मुलाने जाणं बंद केलं. मला त्याने सांगितलं नाही. तो रोज परभणीलाच जायचा, पण जिनिंगच्या मागे. हे मला कळलं ते उस्तादांनी निरोप पाठवला तेव्हा: वडिलांना घेऊन ये.

उस्ताद लॉरीच्या पायरीवर बसून बिडी ओढत होते. मला बघून उठले. कोणत्याही शेतकऱ्याला ते पाटील म्हणत.

"आओ पाटील. पोरगा तुमचा खुद होऊन आला माझ्याकडं. आल्या आल्या बोलला, उस्ताद, मला डावीकडून ऐकू येत न्हाई, शिकवाल का. मी बोललो, पहिले वालिदला आण." त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. "कान कसा गेला, पाटील?"

मी तोंड उघडलं. त्या क्षणी खरं सांगायचं माझ्या मनात होतं, असं मला नंतर खूपदा वाटलं आहे. कदाचित नसेलही.

"ल्हानपणी गाडीवरून पडलो," मुलगा म्हणाला.

उस्तादांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पडला?"

"हां," मी म्हणालो.

त्यांनी बिडी टाचेखाली विझवली. "ठीक," ते म्हणाले. "कान एक हाय तर हाताने शिकू."

आणि तसंच त्यांनी शिकवलं. बोलायचं ते लॉरी उभी असताना, उजव्या बाजूच्या दारातून. चालताना त्यांचा तळहात मुलाच्या डाव्या मनगटावर असायचा. एक थाप म्हणजे गिअर, हलका दाब म्हणजे थांब. सुरुवातीला तो हात जवळ आला की मुलगा आकसायचा. उस्ताद हात तसाच हवेत धरून वाट बघायचे, तो सैल होईपर्यंत. मग ठेवायचे. मी मागे बसून हे बघितलं आहे. माझ्या हाताने केलेलं काम एक परका म्हातारा आपल्या हाताने उलटं करत होता, आणि मी त्याचे आभार मानले तेही गाडी चांगली शिकवल्याबद्दल.

त्याला लायसन मिळालं. आता तो जिनिंगची लॉरी चालवतो. बोरीकडून जिंतूरला माल न्यायचा असला आणि मला काम असलं तर मी त्याच्याबरोबर जातो. मी डाव्या बाजूला बसतो, दुसरी जागाच नसते. इंजिन जोरात चालू असतं. अशा वेळी मी त्याला सांगितलं आहे, एकदा नव्हे, बऱ्याचदा: चूक माझी होती, तू पडला नव्हतास, माफ कर. समोर बघत, ओठ न हलवल्यासारखं. त्याला ऐकू जाणार नाही हे मला पक्कं ठाऊक असतं.

मागच्या पौषात बोरीच्या अलीकडे मी असाच बोललो. त्याने एकदम लॉरी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मग सीटवर पार मागे वळून बसला, उजवा कान माझ्याकडे करून.

"आबा, काई म्हणलात?"

तो वाट बघत होता. घाई अजिबात नव्हती त्याला. आजूबाजूला कुणी नव्हतं, आवाज कसलाच नव्हता.

"त्या वावरातली तूर चांगली आलीय," मी म्हणालो.

त्याने तिकडे बघितलं.

"व्हय," तो म्हणाला, "चांगली हाय," आणि त्याने इंजिन पुन्हा चालू केलं.